पहाटे उठण्याचा निर्णय रात्री साडेनऊला होतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेस (अडथळे ओलांडत धावण्याच्या) शर्यतीत ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ देऊन रौप्यपदक मिळवले आणि सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले, तेव्हा मी परभणीत घरच्या दिवाणावर बसून हातातला चहा सांडेपर्यंत ओरडत होतो. शर्यत संपली. पाण्याची टाकी भरली की नाही हे पाहायला गच्चीवर गेलो, तर दोन जिन्यांतच धाप लागली आणि कठड्याला धरून उभे राहावे लागले. वय तेव्हा सत्तेचाळीस. शाळेसाठी लहानपणी रोज सहा किलोमीटरची वाट तुडवणाऱ्या मुलाचे कौतुक आपण कुठे बसून करतो आहोत, याची त्या दिवशी मला लाज वाटली.

व्यायामाला वेळ मिळत नाही, हे माझे ठरलेले उत्तर होते. ते खरे आहे का, हे पाहण्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, जिथे आमच्या घरी दुधाचा हिशेब लिहिला जातो, त्याच चौकोनांत मी आठवडाभर टीव्हीसमोर गेलेली मिनिटे लिहिली. बेरीज एकोणीस तास निघाली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते, म्हणजे फक्त अडीच तास. त्या एकोणीस तासांत बातम्यांवरच्या भांडणांचा वाटा किती होता, हे लिहायला मी धजत नाही.

वेळ सापडला, तरी पहाटे उठणे जमेना. गजर पाचचा लावायचा आणि रात्री पावणेबारापर्यंत कुठलीतरी चर्चा ऐकत बसायचे, असा प्रकार महिनाभर चालला. मग लक्षात आले की पहाटेचा निर्णय पहाटे होतच नसतो, तो आदल्या रात्री साडेनऊला, रिमोट हातात असताना होतो. आता आमच्या घरी साडेनऊला टीव्ही बंद होतो. मालिका सुटेल म्हणून सौभाग्यवती रुसतील अशी मला भीती होती, पण त्या म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी बघितली तरी गोष्ट तिथंच असतीय." आता सकाळी त्याही चालायला येतात आणि बहुतेक वेळा माझ्या पुढे असतात.

दमश्वास वाढवण्याच्या व्यायामाबद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे, तो म्हणजे धाप लागेपर्यंत धावले तरच फायदा होतो. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणारी मुले-मुली मला रोज दिसतात. त्यांना १६०० किंवा ८०० मीटर घड्याळ लावून धावायचे असते, त्यामुळे त्यांचा जोर रास्तच आहे. (भरती झाल्यावर त्यांतली किती जण धावत राहतात, हा वेगळ्या पत्राचा विषय.) परंतु माझ्यासारख्याने त्यांची नक्कल केली, तर आठवड्याभरात गुडघा धरून घरी बसण्याची वेळ येते, आणि तशी ती माझ्यावर आलीही. नंतर मी सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच गतीने, दोन मिनिटे धावणे आणि तीन मिनिटे चालणे, असे सुरू केले. अशा संथ, लांब आणि नियमित श्रमाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांचे, जाळे वाढते आणि विश्रांतीच्या वेळची नाडी उतरते. माझी नाडी आठ महिन्यांत ८२ वरून ६८ वर आली. शेगावहून गजानन महाराजांची पालखी परभणीमार्गे पंढरपूरला जाते, तेव्हा साठी ओलांडलेले वारकरी दिवसामागून दिवस चालताना आपण पाहतोच. त्यांच्यातला कोणी धापा टाकत चालत नाही.

मात्र मराठवाड्यातील उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांवर भागत नाही. मे महिन्यात सात वाजताच अंग पोळू लागते, म्हणून आम्ही साडेसहापूर्वी घरी परततो, निघण्याआधी पाणी पितो आणि अंतर सरळ निम्म्यावर आणतो. रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर क्रिकेटला भरपूर जागा मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आठवड्यातून एकदा, चाळिशी ओलांडलेल्या आणि यापूर्वी कधीच न धावलेल्या वाचकांसाठी आपल्या भागातील एखाद्या जाणत्या क्रीडाशिक्षकाचे अर्ध्या स्तंभाचे मार्गदर्शन छापता येईल का? उन्हाळ्यात किती धावावे, बूट झिजले हे कसे ओळखावे, गुडघा दुखल्यास किती दिवस थांबावे, असे साधे प्रश्न आम्ही सध्या एकमेकांनाच विचारतो आणि उत्तरेही अंदाजानेच देतो.

आपला नम्र,
एक वाचक, परभणी