बादली भरली की गिझर बंद

ती. आई-बाबांस,
सा. न.

पुण्यात गारठा पडला की बाबा बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्या मिटून घेतात. आत गॅस गिझर आहे, म्हणून हे पत्र.

गिझर पेटला की आपल्या वीस लिटरच्या बादलीने मोजली, तर मिनिटाला आठ-दहा बादल्या हवा खातो. खोली बंद असली की ऑक्सिजन घटतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ‘वास कुठे येतोय?’ असं आई म्हणेल. वास असतो तो सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा, आणि ते ज्योतीतच जळून जातं. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. तोवर कडी काढायचं सुचलं तरी हात उचलत नाही. म्हणून आतून कडी लावूच नका.

करोनात घेतलेला ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो. कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, तो खुशाल 98 दाखवतो.

एक्झॉस्ट फॅन आहे ना, असं बाबा म्हणतील. पण दाराखालून हवा आत यायला वाट नसेल, तर तो बाहेर तरी काय फेकणार? खरा उपाय एकच: गिझर ड्राय बाल्कनीत हलवा आणि गरम पाण्याची लाइन आत घ्या. बाल्कनीला स्लायडिंग बसवून ती बंद केली असेल, तर मात्र धोका तोच. तोपर्यंत खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडं थांबा आणि मगच आंघोळीला जा. शॉवर नको.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा वरच्या पत्र्यावर काजळी धरली, तर बर्नर साफ करून घ्या, तोवर गिझर पेटवू नका. अलार्म घेताना नीट बघा: गॅसगळतीचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही.

कुणी आत पडलंच तर दार सताड उघडा, गिझर बंद करा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन लावा. डॉक्टरांना आधी ‘गॅस गिझर होता’ हे सांगा, नाहीतर चक्कर समजून बीपीच तपासत बसतील.

प्लंबर आला की ड्राय बाल्कनीतल्या भिंतीचं माप घेऊन मला कळवा.

तुमची,
लेक