काका, सीडीबरोबर तुम्ही कागदही जपलात

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या खोक्यातल्या ‘पीसीक्वेस्ट’, ‘चिप’ आणि ‘डिजिट’ या संगणक-मासिकांबरोबर आलेल्या सीड्या वाचून, त्यांच्या प्रती काढून झाल्या. आभार जरा सविस्तरच मानतो, म्हणजे असाच साठा ज्यांच्या माळ्यावर पडून आहे त्यांच्याही उपयोगी पडेल.

पहिले आभार कागदाचे. बहुतेक पाकिटांत तुम्ही अंकातलं सीडीचं पान, म्हणजे सीडीवर काय काय आहे त्याची यादी, घडी घालून ठेवलंत. पूर्ण आवृत्तीच्या सॉफ्टवेअरचा सीरियल नंबर बऱ्याचदा सीडीवर नसायचाच, तो त्या पानावर छापलेला असायचा. पान हरवलं तर सीडी धडधाकट असूनही इन्स्टॉलर नंबरापाशी अडतो आणि पुढे सरकत नाही. शिवाय डिस्कवरची एखादी फाइल गेली असेल, तर काय गेलं ते त्या यादीवरूनच कळतं. या सीड्यांची किंमत आजच्या मुलांना सांगावी लागते: ३३.६ केबीपीएसच्या मोडेमवर ६५० एमबी उतरवायला, लाइन एकदाही न तुटता, सुमारे ४५ तास लागले असते. घरोघरी लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत संगणक-प्रणाली) पोचलं ते ‘पीसीक्यूलिनक्स’सारख्या सीड्यांवरून, ते यामुळेच.

दुसरे आभार गोंदाला हात न लावल्याबद्दल. मुखपृष्ठाला सीडी चिकटवलेला गोंदाचा ठिपका काही सीड्यांच्या छापील बाजूवर तसाच होता. बहुतेकांना वाटतं, जपायची ती चकचकीत बाजू. खरं तर त्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट आहे, चरा पडला तर पॉलिश करता येतो. माहिती असते ती छपाईखाली, अॅल्युमिनियमच्या पापुद्र्यात, आणि त्यावर फक्त लॅकरचा पातळ थर. गोंद नखाने खरवडला की पापुद्राही सोबत निघून येतो, आणि तो परत बसवायचा उपाय नाही. सीडी बल्बसमोर धरून पाहा: सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथला थर गेलाय. अशी सीडी सर्वांत आधी वाचायला घ्यावी.

धुताना धूळ आधी फुंकून काढायची, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं. गोल कधीच नाही. माहितीचा माग गोल फिरतो. आडवा चरा त्याच्या प्रत्येक फेरीचा जेमतेम तुकडा खातो आणि ड्राइव्हची चूक-दुरुस्ती तो भरून काढते. तिची ताकद सलग साधारण अडीच मिलिमीटरपुरतीच. मागाच्या दिशेने पडलेला चरा त्याहून लांब असला तर ती हात टेकते. चकचकीत बाजूवरच्या तेलकट डागांना आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब पुरतात. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलं की प्लॅस्टिक पांढुरकं पडतं.

प्रत काढताना फाइली कॉपी-पेस्ट करू नयेत. खराब सेक्टरवर (सीडीवरच्या माहितीच्या छोट्या कप्प्यावर) संगणक तासन्‌तास अडकतो, आणि जिच्यावरून संगणक सुरू करता येतो अशा सीडीचा तो सुरू करणारा (बूटचा) भाग त्यात येतच नाही. आम्ही लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा अख्ख्या सीडीची जशीच्या तशी प्रत (इमेज) काढणारा प्रोग्रॅम वापरतो. ब्लॉक २०४८ बाइटचा ठेवायचा. पहिल्या फेरीत सहज येईल तेवढंच घ्यायचं, अवघड भागाला हात लावायचा नाही. दुसऱ्या फेरीत उरलेल्या भागावर तीन प्रयत्न. कुठला भाग आला आणि कुठला राहिला याची नोंद असलेली मॅप फाइल जपून ठेवायची, सगळी गंमत तिच्यात आहे. तीच फाइल घेऊन दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर बसलं की पहिल्याने नाकारलेले सेक्टर पुष्कळदा निघतात. जे निघतच नाहीत त्या जागा रिकाम्या राहतात, म्हणून कुठली फाइल बाधित आहे ते मॅपवरून शोधून लिहून ठेवावं. दोन ड्राइव्हवर स्वतंत्रपणे वाचलेल्या प्रतींचा एसएचए-२५६ (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) जुळला, तरच सीडी झाली म्हणायची. डेटा सीडीची प्रत नीट सुरू झाली आहे याची झटपट खात्री हवी असेल तर हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतला एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये), शून्यापासून मोजून, ३२,७६९व्या बाइटपासून सी, डी, शून्य, शून्य, एक ही डेटा सीडीची ओळखखूण असलेली पाच चिन्हं दिसायला हवीत.

एक चूक मात्र फार जण करतात. काही सीड्यांवर डेटानंतर गाण्यांचे ट्रॅक असतात. आयएसओ फाइलमध्ये (नेहमीच्या प्रकारच्या इमेजमध्ये) फक्त डेटा येतो, मग गेमचा डेमो चालतो पण मुका. तिथे सीडीआरडीएओ या प्रोग्रॅमने २३५२ बाइटचे पूर्ण सेक्टर घ्यावे लागतात.

उघडण्याचा भाग वेगळाच. सीडी घातल्यावर उघडणाऱ्या त्या काळच्या मेनूंतले बरेच १६-बिट, म्हणजे जुन्या विंडोजसाठी लिहिलेले होते, आणि ६४-बिट विंडोजवर ते चालतच नाहीत; त्यात सीडीचा दोष नाही. एका पाकिटावर तुम्ही पेन्सिलीने लिहिलं होतं: “मेनू बंद पडतो, फोल्डरमधून सेटअप चालवा.” त्या एका ओळीने आमचा केवढा वेळ वाचला! विंडोजच्या आधीच्या डॉसच्या प्रोग्रॅमांना डॉसबॉक्स (आजच्या संगणकावर डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) पुरतो. बाकीच्यांसाठी ८६बॉक्समध्ये (अख्ख्या जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) विंडोज ९८, ६४ एमबी रॅम, आणि मेनू हटून बसला तर ६४० बाय ४८० वर २५६ रंग. मुदतीची शेअरवेअर (ठरावीक दिवस वापरून पाहायची सॉफ्टवेअर) टाकण्याआधी त्या नकली संगणकाच्या घड्याळात अंकाचा महिना लावून घ्यायचा. आजचा अँटिव्हायरस जुन्या फाइली परस्पर उडवू शकतो, तेव्हा इमेज आधी फक्त-वाचनीय करून ठेवावी.

मराठी मजकुराच्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक मानकाच्या, आधीच्या. फॉन्ट नसेल तर नुसता चिन्हांचा चिखल दिसतो. सी-डॅक आणि श्रीलिपी या मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांची अक्षरांची मांडणी वेगवेगळी, म्हणून ज्या फॉन्टमध्ये मजकूर टंकलाय तोच सोबत ठेवावा लागतो. तुमच्या सीड्यांवर तो त्याच फोल्डरमध्ये होता, म्हणून वाचता आलं.

खोका परत पाठवतो आहोत. चिकट झालेली पीव्हीसीची पाकिटं बदलून सीड्या कागदी पाकिटांत उभ्या लावल्या आहेत. जुनी पाकिटं टाकलेली नाहीत. तुमच्या पेन्सिलीच्या टिपांसकट ६०० डीपीआयवर स्कॅन करून खोक्याच्या तळाशी ठेवली आहेत. प्रत्येक सीडीच्या मधल्या कड्यावरचा बारीक कोरलेला क्रमांकही यादीत उतरवला आहे. तीन पाकिटांत पान मिळालं नाही. त्या महिन्यांचे अंक घरात कुठे असतील तर पानाचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल, फक्त सीरियल नंबरातला शून्य आणि ओ वेगळे ओळखू यायला हवेत.

आपले कृतज्ञ,
तुमच्या सीड्या वाचणारे आम्ही सगळे