राखेतली द्राक्षं

लांझारोते बेट, स्पेन,
14 जानेवारी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

सकाळी जहाज आरेसिफे बंदराला लागलं आणि लगेच बसमध्ये कोंबलं आम्हाला. आई, आधी तुझ्या चुलीचं सांगते. तिमनफायाच्या ज्वालामुखी डोंगरावर गाइडने एका खड्ड्यात वाळकं झुडूप टाकलं. काडी न ओढता भडकलं! जमिनीत पुरलेल्या नळीत पाणी ओतलं तर वाफेचा असा लोट उसळला, की मी किंचाळलेच. तिथल्या हॉटेलात त्याच धगीवर जाळी ठेवून कोंबडी भाजतात. मला आपलं भरताचं वांगं आठवत राहिलं. बाकीचा डोंगर बसच्या काचेतूनच बघायचा, उतरू देत नाहीत.

बाबा, आता तुमचं. 1730 ते 1736 अशी सहा वर्षं इथे ज्वालामुखी धुमसत होता. गावं, चांगली पिकती शेतं, सगळं गाडलं गेलं. मग लोकांनी काय करावं? ला खेरिया भागात राख उपसत खालच्या जुन्या मातीपर्यंत गेले आणि तळाशी द्राक्षाचा वेल लावला. एकेक खड्डा पुरुषभर खोल, वाऱ्याच्या बाजूला दगडाची अर्धगोल पाळ. वर्षाचा पाऊस जेमतेम 150 मिलिमीटर! पण काळी राख रात्रीचं दव पिते आणि खालची ओल उडू देत नाही. मांडव नाही, तारा नाहीत. एका खड्ड्याला एक वेल, फार तर दोन. तुम्ही एकरी किती झाडं बसवता ते आठवून मला हसूच आलं.

सहलवाल्यांनी इथे दिली पंचवीस मिनिटं. आठवणवस्तूंच्या दुकानात मात्र पाऊण तास! यांना वाइन चाखायच्या रांगेत उभं करून मी खड्ड्यांकडे पळाले. एका खड्ड्यातून फक्त टोपी हलताना दिसली. वाकून पाहिलं तर तुमच्या वयाचे एक गृहस्थ गुडघ्यावर बसून छाटणी करत होते. यंत्र खाली उतरतच नाही, तोडणीसुद्धा हातानेच. मला पाहून त्यांनी कात्री वर करून दाखवली. वर यायला मात्र त्यांना पाळीचा आधार घ्यावा लागला, दोनदा.

मूठभर राख तुमच्यासाठी आणणार होते, पण बेटाबाहेर नेऊ देत नाहीत.

थंडीने मणी तडकले का? रात्री शेकोट्या पेटवायला तुम्ही स्वतः जाऊ नका, गड्याला सांगा. आणि कंबरेचं डॉक्टर नक्की काय म्हणाले? आई, तू लिही. बाबा फोनवर खरं सांगत नाहीत.

तुमची,
छकुली