रात्री वाट दाखवणाऱ्या काकांचे आभार

मी आणि माझा नवरा गाडीने लांबच्या प्रवासाला निघालो होतो. मुक्कामाची खोली आधीच बुक केलेली, पैसेही भरलेले. पोहोचलो तर इमारतीला कुलूप आणि दिलेला नंबर बंद. पुढच्या गावातला लॉज भरलेला. त्यात मोबाइलची रेंज गेली. साठवलेल्या नकाशावर रस्ता दिसत होता, पण कुठे खोली रिकामी आहे ते नकाशा कसं सांगणार!

रस्त्याकडेच्या एका घरात उजेड दिसला म्हणून थांबलो. काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "आता घाटात शिरू नका, वाटेत काही लागत नाही," म्हणाले. पलीकडच्या वस्तीत एक ताई खोली भाड्याने देतात. पाटी नाही, ऑनलाइन नोंद नाही, ओळखीतूनच कळतं. काकांनी घरच्या लँडलाइनवरून फोन लावून खोली रिकामी असल्याची खात्री केली आणि स्वतः मोटरसायकल काढून आमच्या पुढे निघाले. प्रत्येक वळणाच्या बऱ्याच आधी इंडिकेटर लावायचे, मागे आमचे दिवे दिसले की मगच वळायचे. अनोळखी माणसांसाठी इतकी काळजी!

ताई टॉर्च घेऊन दारातच उभ्या होत्या. "रजिस्टर आणि ओळखपत्र सकाळी बघू, आधी आडवे व्हा," म्हणाल्या. पेट्रोलचे पैसे काकांनी घेतले नाहीत. नाव विचारलं तर "काकाच म्हणा" म्हणत गाडी वळवली.

काका, ताई, त्या रात्री आम्ही खरंच घाबरलो होतो. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.