रँग्लर आठवतो, त्यामागचा आठवडा नाही

महोदय,

परदेशातील नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळवलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या बातम्या दरवर्षी वृत्तपत्रांत ठळकपणे येतात, आणि त्या याव्यातच; परंतु त्यांतील बहुतेक शिष्यवृत्तीची रक्कम व विद्यापीठाचा जागतिक क्रमांक सांगून संपतात. तिथे पोहोचलेला विद्यार्थी रोज नेमका कसा अभ्यास करतो, हे वाचकाला कळतच नाही. माझ्या मुलीने केंब्रिजमधून गणिताची पदवी घेतली आणि मी स्वतः अनेक वर्षे महाविद्यालयात गणित शिकवले, म्हणून हे पत्र.

केंब्रिजचे अध्यापनाचे सत्र जेमतेम आठ आठवड्यांचे असते. गणिताची व्याख्याने सकाळी होतात, शनिवारीसुद्धा. चोवीस व्याख्यानांच्या एका विषयासाठी साधारणपणे चार उदाहरणसंच मिळतात. विद्यार्थ्याने ते सोडवून आधी शिक्षकाकडे पोहोचवायचे आणि मग दोघा विद्यार्थ्यांनी मिळून त्या शिक्षकासमोर तासभर बसायचे, ही तिथली रीत. तिला ‘सुपरव्हिजन’ म्हणतात. अशी दोनेक सत्रे दर आठवड्याला होतात आणि गंमत म्हणजे या साऱ्या मेहनतीचा एकही गुण पदवीच्या निकालात धरला जात नाही.

पहिल्याच संचातील निम्मी उदाहरणे मुलीला सुटली नव्हती. शिक्षकांनी बरोबर आलेल्या उत्तरांवर नुसती खूण केली आणि तिच्या एका फसलेल्या सिद्धतेवर चाळीस मिनिटे खर्च केली. त्या रात्री ती फोनवर म्हणाली, “बाबा, माझ्या चुकीच्या उत्तराला आजवर कुणी इतका वेळ दिला नव्हता.” हे वाक्य मी बाप म्हणून ऐकले तेव्हा बरे वाटले, शिक्षक म्हणून ऐकले तेव्हा मान खाली गेली.

तिथे सगळे आलबेल आहे, असे नव्हे. पाचव्या आठवड्यात मुले इतकी थकतात की त्या मरगळीला विद्यार्थ्यांनी नावच देऊन टाकले आहे. उदाहरणसंचाच्या पायी हिने एक दिवाळी खोलीत बसून काढली.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे, झाले आणि ‘रँग्लर’ हा शब्द मराठीत त्यांच्या नावालाच चिकटला. पुढे 1909 नंतर केंब्रिजने गणिताच्या परीक्षेतील क्रमवार यादी जाहीर करणे बंद केले. आपण मात्र अजून पहिला प्रश्न क्रमांकाचाच विचारतो.

आपल्याकडील पदवीच्या वेळापत्रकातही ‘ट्यूटोरियल’ नावाचा तास असतो. मी ज्या महाविद्यालयात होतो, तिथे त्या तासाला फळ्यावरची उदाहरणे साठ मुले वहीत उतरवून घेत. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आणि महिनोन्‌महिने मानधनाची वाट पाहणाऱ्या तरुण सहकाऱ्याकडून अधिक अपेक्षा करणेही अन्यायाचे होते. म्हणून केंब्रिजची नक्कल करा, असे मी म्हणणार नाही. मात्र तिथल्या सुपरव्हिजन घेणाऱ्यांत पीएच.डी. करणारे विद्यार्थीही मोठ्या संख्येने असतात, ही गोष्ट आपल्या विद्यापीठ विभागांनी विचारात घेण्याजोगी आहे. शिवाय तेथील गणित विभागांचे उदाहरणसंच संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य पाहता येतात. एखाद्या महाविद्यालयाने एकच विषय निवडून, पंधरवड्याला एक संच देऊन, दोन-दोन विद्यार्थ्यांना अर्धा तास समोर बसवले, तरी सुरुवात होईल. साताऱ्यातील कुणा प्राचार्यांची तयारी असल्यास वास्तव विश्लेषण या विषयासाठी दर गुरुवारी दुपारी मी विनामानधन येईन. विद्यार्थ्यांनी चुकलेली पाने न फाडता आणावीत, एवढीच अट.

— एक निवृत्त गणित प्राध्यापक, सातारा