चेची, टेबल वेगळं मागितलंत म्हणून

प्रिय चेची,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "हां हां, ते ठीक, चार नंबरचं सलाईन बघितलंस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून आठव्या महिन्यात मी जी इंग्रजीची परीक्षा दिली तिच्यासाठीचे आभार हे असे लिहून, आणि सगळ्यांसमोर. देवनागरी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे माहीत आहे. सावकाश वाचा, नाहीतर वॉर्डातल्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. त्यांनीही ऐकलं तर बरंच.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी दोन ओळी. कोट्टयमहून पुण्यात येऊन इथेच अर्धं आयुष्य काढलेली आमच्या मेडिकल वॉर्डची इंचार्ज सिस्टर. डॉक्टरांपासून मामा-मावशींपर्यंत सगळे चेचीच म्हणतात, मल्याळममध्ये मोठी बहीण. मी मिरजेला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून इथे लागले तेव्हा ड्रिप लावताना माझा हात धरून शिकवणाऱ्या त्याच, आणि केसपेपरवर वेळ टाकली नाही म्हणून सगळ्यांदेखत झापणाऱ्याही त्याच.

इंग्लंडात नर्स म्हणून नाव नोंदवायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला इंग्रजीचा पुरावा लागतो. आमची तिन्ही वर्षांची पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, पण शिक्षण भारतातलं असलं की तेवढ्यावर भागत नाही. (याबद्दल माझं मत तुम्ही नाइट ड्यूटीला पुष्कळदा ऐकलंय, इथे नको.) मी आधी आयईएलटीएस या सगळ्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या क्लासला जात होते. शहरातली वाहतूक कशी सुधारावी, यावर अडीचशे शब्दांचा निबंध लिहून आणला होता. तो तुम्ही औषधांच्या ट्रॉलीपाशी उभ्या उभ्या वाचलात आणि विचारलंत, "तू ट्रॅफिक पोलीस आहेस का?"

ओईटीचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, ऑस्ट्रेलियात आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी निघालेली. नर्स, डॉक्टर, फिजिओ धरून १२ व्यवसायांची. त्यात ऐकायचं ते पेशंटचं बोलणं, लिहायचं ते रेफरलचं नाहीतर डिस्चार्जचं पत्र, आणि बोलायचं ते नर्स म्हणूनच. फी तेव्हा ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर होती, म्हणजे माझ्यासारखीच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास. "सोपी नाही," तुम्ही म्हणालात, "पण ओळखीची आहे."

आणि नेमकी तेव्हाच मला गोड बातमी लागली.

माझा हिशोब साधा होता. पहिलं बाळंतपण माहेरी. तिथे गेल्यावर शेक-शेगडी, तेल-पाणी, बाळाची रात्रीची जागरणं. त्यात अभ्यास कोण करणार? कायद्यानं २६ आठवड्यांची प्रसूती रजा आहे, २०१७च्या दुरुस्तीपासून, पण त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त ८ घेता येतात. ते आठ आठवडेच काय ते माझे होते. परीक्षा त्यांच्या अगदी सुरुवातीला द्यायची, असं मी ठरवलं.

मग सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, आठव्यात गावाची वेस ओलांडू नये. क्लासच्या सरांनी (क्लासचं नाव नको) इतर विद्यार्थ्यांना टेन्शन येईल म्हणून मला मॉक टेस्टला न येण्याचं सुचवलं. मैत्रिणी म्हणाल्या, किती धाडसी गं तू. या धाडसी म्हणण्याचा मला सगळ्यात जास्त वैताग आला, कारण तसं म्हणून झालं की पुढे कुणी काही करत नाही.

तुम्ही 'दे' म्हणाला नाहीत आणि 'नको देऊ' असंही म्हणाला नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर काढलंत, माझी पाळीची तारीख विचारलीत, परीक्षेच्या दिवशी कितवा आठवडा असेल ते मोजलंत. चौतिसावा. मग म्हणालात, आधी डॉक्टरांना विचार. बीपी बरं, हिमोग्लोबिन बरं, सोनोग्राफीत वार वर आहे. त्यांनी होकार दिला. तो तुम्ही लेखी मागायला लावलात, आणि तिथून पुढे माझ्या परीक्षेची ड्यूटी लावल्यासारखी आखणी केलीत.

तुमचा पहिला प्रश्न अभ्यासाबद्दलचा असेल असं मला वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, "तिथे खुर्ची कसली आहे?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कॉलेजांच्या हॉलमध्ये ज्या खुर्च्या असतात, हाताला लिहायची फळी जोडलेली, त्यात मी सातव्यातच मावत नव्हते. मावले असते तरी उत्तरपत्रिका पोटावर ठेवून लिहावं लागलं असतं. तुम्ही मला समोर बसवून मेल लिहून घेतलीत: मी अमुक आठवड्यांची गरोदर असेन, वेगळं टेबल आणि वेगळी खुर्ची मिळावी, जागा दाराजवळची मिळावी म्हणजे लघवीला जाताना इतरांना त्रास नको, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. असल्या सोयी अर्ज भरतानाच मागायच्या असतात, ऐनवेळी दारात उभं राहून मिळत नाहीत, हेही तुम्हीच सांगितलंत. मला ते लिहायला लाज वाटत होती. सवलत मागतोय असं वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "पेशंटला बेडपॅन मागायला लाज वाटली तर तू काय सांगतेस?" मी मेल पाठवली. दोन ओळींचं उत्तर आलं, होकाराचं.

मग लघवीचं गणित. मध्ये उठून जाता येतं, पण घड्याळ कुणासाठी थांबत नाही. ऐकण्याचा भाग साधारण ४५ मिनिटांचा, आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. गेलेलं वाक्य गेलं. वाचनात पहिला भाग फक्त १५ मिनिटांचा, त्यात २० प्रश्न. म्हणजे उठायचंच झालं तर वाचनाच्या पुढच्या ४५ मिनिटांत, नाहीतर लिहिताना. तुम्ही मला आठवडाभर पाण्याचा तक्ता ठेवायला लावलात, किती प्यायले आणि किती वेळानं जावं लागलं, किडनीच्या पेशंटचा ठेवतो अगदी तसाच. त्यावरून ठरलं: सकाळी उठल्यापासून भरपूर पाणी, शेवटच्या दीड तासात फक्त घोट घोट, आणि हॉलमध्ये शिरण्याआधी जायचंच, लागली असो वा नसो. पाणी अजिबात बंद करायचं नाही, हे मात्र तुम्ही दरडावून सांगितलंत. तहानलेल्या पोटात खोट्या कळा जास्त येतात.

या सगळ्यात इंग्रजी कुठे होतं? होतं, रात्री तीन वाजता.

वॉर्ड शांत झाला की तुम्ही रिकाम्या नऊ नंबरच्या बेडवर पाय वर घेऊन बसायचात आणि पेशंट व्हायचात. कधी इन्सुलिन नको म्हणणारी आजी, कधी मुलाचा ताप उतरत नाही म्हणून भांडायला आलेला बाप. ओईटीच्या बोलण्यात असे दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे, त्याआधी कार्ड वाचायला थोडा वेळ. समोरची व्यक्ती पेशंट होते, ती गुण देत नाही; रेकॉर्डिंग होतं आणि ते ऐकून दुसरीकडे कुणीतरी गुण देतं. मी सुरुवातीला वॉर्डात बोलते तशीच इंग्रजीत बोलायचे. काही होत नाही, घाबरू नका, गोळी घ्या आणि झोपा. तुम्ही पेशंटच्या भूमिकेतून तडक बाहेर यायचात. "मी घाबरले आहे हे तुला कुणी सांगितलं? विचारलंस का?"

विचारायचं. काय माहीत आहे, कशाची भीती वाटते, घरी कोण आहे, मग आपलं सांगायचं, आणि सांगून झाल्यावर कळलं का ते तपासायचं. परीक्षेत याचे वेगळे गुण असतात, नुसत्या व्याकरणाचे नसतात. पण खरं सांगू, त्या रात्रींनंतर मी मराठीतही पेशंटशी वेगळी बोलायला लागले. सात नंबरच्या आजोबांनी डायलिसिसला नकार दिला होता, तेव्हा मी पहिल्यांदा शेजारी बसून कारण विचारलं. नातीचं लग्न होतं. तारीख पुढेमागे करता आली.

पेशंट म्हणून तुम्ही फार वाईट आहात, चेची. इतकी अडून बसणारी बाई मला आजवर वॉर्डात भेटलेली नाही. परीक्षेत समोर आलेली व्यक्ती त्यापुढे गरीब गाय वाटली.

लिखाणाबाबत तुम्ही सरळ सांगितलंत की ते तुम्हाला जमत नाही. इंग्लंडात गेलेल्या तुमच्या जुन्या सहकारी सिस्टरना तुम्ही मेसेज केलात. त्यांची दिवसपाळी तिकडे रात्री आठला संपायची, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. मी नाइटला असले की ते बरोबर जमायचं. त्या बाईंनी मला न भेटता माझी पत्रं तपासली. केस नोट्समध्ये पेशंटचा सगळा इतिहास दिलेला असतो, त्यातलं पुढच्या माणसाच्या कामाचं तेवढंच निवडून १८० ते २०० शब्दांत मांडायचं. मी सगळंच कोंबायचे. लाल अक्षरात त्यांचा एकच शेरा असायचा: हे त्या डॉक्टरला कशाला हवंय? त्यांचेही या पत्रात आभार. पोचवा.

परीक्षा मुंबईत होती. शिवनेरी बसमध्ये संडास नसतो, म्हणून आपण रेल्वेनं गेलो, आदल्या दिवशी, प्रगती एक्स्प्रेसनं पनवेलपर्यंत, तिथून लोकलनं नेरूळला तुमच्या मामेबहिणीकडे. तुम्ही यासाठी दोन सुट्या टाकल्यात हे मला नंतर ड्यूटी रजिस्टरवरून कळलं. माझ्या यजमानांना रजा मिळाली नव्हती. ते फोनवर सारखी काळजी करत होते, आणि तुम्ही त्यांना वॉर्डातल्या नातेवाइकांना सांगता त्याच सुरात सांगितलंत, "पेशंट स्टेबल आहे."

तुमच्या हातात माझी फाइल होती. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, सोनोग्राफी, सगळं. सेंटरजवळचं प्रसूतीचं हॉस्पिटल तुम्ही आदल्या संध्याकाळीच बघून आला होतात. आपला करार ठरला होता: अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, कळा नेमानं यायला लागल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर हात वर करायचा आणि उठून बाहेर यायचं, फीचा विचार करायचा नाही. तुम्ही गेटबाहेर असणार. त्या करारामुळेच मी आत शांत बसू शकले असं मला वाटतं. उठून जायची मुभा असली की बसणं सोपं जातं.

टेबल होतं. भिंतीलगत, दाराजवळ, सुटं टेबल आणि हातांशिवायची खुर्ची. तिथल्या पर्यवेक्षक बाईंनी न मागता पायाखाली ठेवायला एक पाट आणून दिला. त्यांचं नाव मला माहीत नाही. ऐकण्याचा भाग सुरू झाला आणि बाळाला उचक्या लागल्या. पोट लयीत उडत होतं आणि कानात कुणीतरी गुडघ्याच्या दुखण्याची हकिकत सांगत असावं तशा संथ आवाजात बोलत होतं. (प्रश्न काय होते ते बाहेर सांगायचं नसतं, म्हणून 'असावं'.) तुम्ही सरावाच्या वेळी मुद्दाम मॉनिटरचा अलार्म वाजता ठेवून मला ध्वनिफिती ऐकवल्या होत्यात, त्यापुढे उचक्या काहीच नव्हत्या. वाचनात एकदा उठले, ठरलेल्या जागी. लिहिताना उठले नाही. पाय मात्र असे सुजले की बाहेर आल्यावर चपलेत जाईनात.

बाहेर आल्यावर तुम्ही पेपर कसा गेला हे विचारलं नाहीत. "बाळ हललं का?" विचारलंत, हललं म्हटल्यावर राजगिऱ्याचा लाडू हातात ठेवलात आणि स्वतःच्या चपला काढून मला दिल्यात.

निकाल मी माहेरी असताना आला. ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत बी, लिखाणात सी प्लस. कौन्सिलला नेमकं एवढंच लागतं, एक पायरीही जास्त नाही. आईनं विचारलं, सी म्हणजे पास ना? निकाल दोन वर्षं चालतो, तेवढ्यात पुढची सीबीटी, म्हणजे कौन्सिलची संगणकावरची नर्सिंगची परीक्षा, आणि कागदपत्रं उरकायची आहेत. मुलगी आता पालथी पडायला लागली आहे. मी तिच्या शेजारी औषधांच्या डोसांची गणितं सोडवते.

तुम्ही स्वतः का गेला नाहीत, हे मी एकदा विचारलं होतं. तेव्हाही तुम्ही चार नंबरचं सलाईन काढलंत. पुन्हा विचारणार नाही. पण ओईटीला वयाची वरची अट नाही, एवढं इथे लिहून ठेवते.

आणखी एक काम आहे. आपल्याच वॉर्डातली एक जण, तुम्हाला कळेल कोण, पाचव्या महिन्यात आहे आणि तिनं अर्ज भरायला घेतलाय. तुम्हाला विचारायला घाबरते, म्हणून तिनं मला फोन केला. माझी वही तिच्याकडे दिली आहे, ऐकण्याचा सराव मी फोनवर घेईन. रोल-प्ले तुमच्याकडे. टेबलाची मेल मी तिच्याकडून कालच लिहून घेतली.

तुमची,
नऊ नंबरच्या बेडसमोरची नर्स