पाणी कुठलं पिणार?

चि. मनू,

तू कामासाठी बांगलादेशात खुलन्याला निघालीस, त्यावरून काल फोनवर आपलं वाजलं. बाबा म्हणाले, लिहून काढ. बरंच आहे, पत्रात तुला मधेच तोंड घालता येत नाही.

तुझं म्हणणं, नेदरलँड्समधलं डेल्फ्ट काय नि खुलना काय, दोन्ही नद्यांच्या मुखाकडची गावं. उलट नेदरलँड्सची जवळजवळ 26 टक्के जमीन समुद्रपातळीच्या खाली, मग धोका तिथेच जास्त नाही का? वकील व्हायची होतीस तू.

पण जमिनीच्या खोलीवर सगळं ठरत नाही गं. 1953 च्या फेब्रुवारीत नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतातले बांध रात्रीत फुटले. रात्री रेडिओ बंद असायचा, त्यामुळे कित्येकांना कळलंच नाही. 1836 माणसं गेली. पुढे त्यांनी वर्षानुवर्षं पैसा ओतला, रॉटरडॅमच्या तोंडाशी अवाढव्य दरवाजे बसवले. बांगलादेशाकडे ओतायला होतं काय? 1970 च्या भोला वादळात तिथे तीन ते पाच लाख माणसं गेली होती. तरी त्यांनी भोंगे, झेंडे, निवारे आणि हजारो स्वयंसेवक उभे केले. 2020 ला अम्फान आलं तेव्हा वीस लाखांवर लोक आधीच हलवले होते, तिथले बळी शंभराच्या आत राहिले. अशा लोकांबरोबर माझी मुलगी काम करणार, हे मी आत्याला दोनदा सांगून झालंय. वादळाचं मी काही म्हणत नाही. पिण्याचं पाणी कुठलं, तेवढं सांग.

वादळाचा इशारा तरी मिळतो, मिठाचा नाही. 2009 ला आयला वादळ आलं, खुलन्याकडच्या तुझ्या त्या दाकोपला बांध फुटले ते लवकर बुजलेच नाहीत. दिवसातून दोनदा भरती शेतात. तळी खारट झाली. तिथल्या गरोदर बायकांचं बीपी वाढतं त्याचा संबंध संशोधकांनी पिण्याच्या पाण्यातल्या मिठाशी लावलाय. आपल्या घरात बीपी काय करतं ते मी तुला सांगायला नको, माईआजीच्या वेळी दवाखान्यात तूच होतीस. खारं पाणी डचांनाही चुकलेलं नाही. 2022 च्या उन्हाळ्यात ऱ्हाईन आटली नि समुद्र आत सरकू लागला. पण त्यांच्या नळाला गोडं पाणी येत राहिलं. मला दोन देशांतला फरक एवढाच कळतो.

पावसाचं पाणी टाकीत धरतात ना तिकडे? मग पहिल्या सरी वाहून जाऊ देत, टाकीला झाकण हवं, आणि पाणी शुद्ध करायची गोळी चुकवायची नाही. झोप नीट घे, उन्हात... जाऊ दे. व्याख्यान नको म्हणून लिहायला बसले होते. रागावू नकोस.

सहावीत तू गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून पातळी मोजायचीस आणि भिंतीवर खडूने आकडे मांडायचीस. रंगकाम निघालं तेव्हा बाबांनी भिंतीचा तेवढा तुकडा सोडायला लावला. रंगारी हसत होता. आता तू आख्ख्या पोल्डरचं, बांधांनी वेढलेल्या सखल जमिनीचं, पाणी मोजणार. जा, मी अडवत नाही. अडवून थांबली असतीस तर डेल्फ्टलाही गेली नसतीस.

फक्त पोचल्यावर आधी राहत्या जागेचं पाणी तपासून घे. क्षार किती आले त्या कागदाचा फोटो पाठव. दादालाही पाठव, माझ्या फोनमधून फोटो गायब होतात.

आई